चौदाव्या वर्षाच्या आत

नागपुरात रिक्षावाल्याला आजही ‘पागलखाना चौक’ सांगितलं की पुरतं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४चं. मानसिक त्रास असलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवायला घरचे बिचकतात, त्यात या नावाचाही वाटा असावा.

उशीर मात्र महागात पडतो. अमेरिकेतल्या २००५च्या अभ्यासानुसार निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात. आपल्याकडच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत ते आढळले.

अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मदत केली. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणारे ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. अर्थात तो प्रौढांसाठी होता. शाळा-कॉलेजांत असं काही का नको?

टेली-मानस हेल्पलाइन : १४४१६ (मोफत, मराठीतही).