रेसिंग कारला उलटा पंख लावणारे जिम हॉल

विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून गाडीवर बसवला तर? हवा गाडीला खाली दाबेल, टायरची पकड वाढेल आणि वळणावर वेग फारसा कमी करावा लागणार नाही. अमेरिकेतल्या टेक्सासच्या जिम हॉल यांनी 1966 मध्ये नेमकं हेच केलं.

1935 मध्ये जन्मलेल्या हॉल यांनी कॅलटेकमध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं. 1963 मध्ये ते फॉर्म्युला वनमध्येही धावले. पण त्यांचं खरं काम चाललं ते मिडलंड गावात. तिथे हॅप शार्प यांच्यासोबत ते 'चॅपराल' गाड्या बनवत आणि स्वतःच्या ट्रॅकवर पळवून पाहत. 1965 मध्ये चॅपरालने सेब्रिंगची 12 तासांची शर्यत जिंकली.

पुढच्या वर्षीच्या 'टू-ई' गाडीवर मागे उंच खांबांवर पंख होता. गंमत खांबांत होती. ते गाडीच्या सांगाड्याला न जोडता थेट मागच्या चाकांच्या आधाराला जोडले होते. त्यामुळे स्प्रिंग दबत नसत, सगळा दाब टायरवर जाई. सरळ रस्त्यावर मात्र असा पंख हवा अडवून वेग खातो. हॉल यांच्या गाडीत क्लचच नव्हता, म्हणजे डावा पाय रिकामाच. त्या पायाने पेडल दाबलं की पंख आडवा होई. वळणावर पाय उचलला की पुन्हा तिरका.

मग इतरांनी नक्कल केली, पण काहींचे खांब कच्चे निघाले. 1969 च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये दोन लोटस गाड्यांचे पंख मोडून अपघात झाले आणि असे उंच पंख नियमबाह्य ठरले.

पंखाची एक अडचण होतीच: वेग कमी झाला की दाबही कमी. म्हणून 1970 च्या 'टू-जे' गाडीला हॉल यांनी मागे दोन मोठे पंखे लावले. ते चालवायला स्नोमोबिलचं वेगळं इंजिन, आणि खालून हवा आत शिरू नये म्हणून गाडीच्या कडांना झालरी. पंखे गाडीखालची हवा ओढून घेत, मग वरच्या हवेचा दाब गाडीला रस्त्याला चिकटवून ठेवी. गाडी उभी असली तरीसुद्धा! पात्रता फेऱ्यांत ती वारंवार सर्वांत वेगवान ठरली, मात्र बिघाडांमुळे एकही शर्यत जिंकू शकली नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारींनंतर मोसम संपताच तिच्यावर बंदी आली.

1968 च्या भीषण अपघातात हॉल यांचे पाय मोडले होते, त्यामुळे स्टिअरिंग जवळपास सुटलंच. संघ मात्र त्यांनी सोडला नाही. 1980 ची इंडियानापोलिस 500 जॉनी रदरफोर्ड यांनी चॅपरालमधूनच जिंकली. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या त्या गाडीत खालची हवा ओढायला पंखे नव्हते. ते काम गाडीच्या तळाचा आकारच करत होता.