मातीचे दप्तर

सातारा प्रांतास इतिहासाचे प्रेम कोणी शिकवावयास नको. वाईस वि. का. राजवाडे यांच्या हाती जुनी दप्तरे लागली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यास जन्मभर जमविलेला कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरक्षित जाऊन पोहोचला. कागदाविषयीची ही आस्था या मुलखाच्या अंगी इतकी मुरली आहे की, पायांखालची माती हेही एक दप्तर आहे याचा आपणांस विसर पडला, असे मला फार दिवस वाटत आले आहे. म्हणून कृष्णाकाठी पुरातत्त्वाचे विद्यार्थी क्षेत्रकार्याचे धडे घेत आहेत, ते पाहून लिहा, असे संपादकांनी सुचविताच मी निघालो.

या शिक्षणाची परंपरा थोडक्यात सांगतो. ह. धी. सांकलिया यांनी विलायतेत मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे गिरविले आणि १९३९ साली ते डेक्कन कॉलेजात रुजू झाले. पुढे व्हीलर स्वतःच हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले व १९४४ साली त्यांनी तक्षशिलेस तरुणांसाठी शाळा भरविली. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली कोल्हापुरास पंचगंगेकाठचे ब्रह्मपुरीचे टेकाड खणले, तेव्हा बहामनी वस्तीच्या खाली सातवाहनांची वस्ती क्रमाने उघडी झाली.

मी पाहिले ते उत्खनन नव्हे. त्यास सरकारी परवाना लागतो. पुराने कापलेली नदीची दरड खुरप्याने वरून खाली तासून तिचे थर ओळखावयाचे, सुतळी ताणून ते मोजावयाचे आणि आलेखपत्रावर उतरवावयाचे, एवढाच तो पाठ होता. परंतु त्या ‘एवढ्याच’ कामात सारी सकाळ गेली व माझे लक्ष क्षणभरही ढळले नाही. वाळलेली माती सारखीच पिवळट दिसते. ओली झाली म्हणजे तिचे रंग वेगळे होतात. त्यासाठी तासगावाकडचा एक वयस्क मजूर, ज्याचे आयुष्य द्राक्षबागेत औषध मारण्यात गेले होते, पाठीवरच्या पंपाने दरडीवर पाण्याचा असा बारीक फवारा धरीत होता की, मातीचा कणही ओघळू नये.

“सर, चौथा थर इथं संपतो,” एक विद्यार्थिनी म्हणाली.

“कुठं? बोट लावून दाखव.”

बोट निम्म्यावर थबकले. “थांबा ताई, आणखी जरा मारतो,” असे म्हणून त्या मजुराने फवारा पुन्हा धरला, आणि आडवी दिसणारी राखी रेघ एका जागी खाली वळून, वाडग्याच्या आकाराने फिरून पुन्हा वर आलेली स्पष्ट दिसली.

“खड्डा आहे, सर.”

“मग तुझ्या पिशवीतलं खापर कोणाचं?”

खड्डा वरच्या थरातून खणलेला होता. म्हणजे त्यातले खापर खोलवर मिळाले तरी ते मागाहूनच्या माणसांचे. तिने पिशवीवरच्या चिठ्ठीतला थराचा आकडा खोडला, स्थळ, खोली व तारीख तशीच ठेवून ‘खड्डा’ अशी नोंद केली आणि शेजारी सही केली. ती नोंद चुकती, तर शे-दोनशे वर्षांचा फरक कायमचा कागदावर राहिला असता, आणि पुढे कोणत्याही पंडिताला तो शोधून काढता आला नसता; कारण एकदा उकरलेली माती पुन्हा तशी रचता येत नाही.

या मुलांपैकी थोडीच प्राध्यापक होतील. बहुतेकांना रस्ते, धरणे, कालवे यांच्या कामांत वारशाची पाहणी व नोंद करण्याचा व्यवसाय धरावयाचा आहे, आणि माझी चिंता तेथे सुरू होते. कराडचे नाव दूर भारहूतच्या स्तूपावरील दानलेखात ‘करहकट’ म्हणून कोरलेले आहे. अशा जुन्या वस्त्यांच्या पांढरीची माती शेतकरी खत म्हणून आणि वीटभट्टीवाले विटांसाठी वाहून नेतात. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत बांधकामास मनाई आणि पुढील दोनशे मीटरांत नियंत्रण आले. पण ज्या टेकाडाचे नाव संरक्षणाच्या यादीतच नाही, त्याला या हद्दीचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारच्या पैशाने वा परवानगीने होणाऱ्या कामापूर्वी त्याचा वारशावर काय परिणाम होईल याचा विचार करावा लागतो, व त्यातून तेथे एक स्वतंत्र पेशा उभा राहिला. आपल्याकडेही मनात आणले तेव्हा हे जमले आहे: नागार्जुनसागर धरणाचे पाणी चढण्यापूर्वी १९५४ ते १९६० पर्यंत नागार्जुनकोंड्यास उत्खनन चालले, आणि तेथील कित्येक वास्तूंची टेकडीवर पुनर्रचना झाली.

पण नागार्जुनकोंड्याची ती योजना अपवादच राहिली. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता सातारा, कराड ओलांडून सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातून जातो, आणि त्याचे रुंदीकरण यंत्रांच्या गतीने चालते. ते यंत्र जो ढिगारा एका घटकेत उचलते, तो खुरप्याने वाचावयास महिना लागतो. तेव्हा यंत्र येण्यापूर्वीच पाहणी व्हावयास हवी, आणि तिचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे या खात्यांनी निविदेच्या तपशिलात असे एक कलम घालावे, मोबदला ठरवावा आणि पाहणीचे नकाशे जिल्ह्याच्या दप्तरी सर्वांस पाहावयास ठेवावे, ही माझी दरखास्त आहे. तसे झाले नाही, तर दरडीतला खड्डा ओळखावयास शिकलेली ही मुलगी वर्षा-दोन वर्षांत पोटासाठी दुसऱ्याच एखाद्या कचेरीत कारकुनी करू लागेल.