भूक, लठ्ठपणा आणि आपली मुले

गेल्या वर्षी वसतिगृहातील आरोग्य तपासणीत नववीच्या एका विद्यार्थ्याच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला. मुलगा मान नीट धूत नाही असे समजून त्याची आई सुटीत ती वजरीने घासून काढीत असे. डॉक्टरांनी सांगितले की हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. तपासणीत साखर सामान्य निघाली, मात्र ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल कमी होते. मुलगा वजनाने जास्त होता, पण त्याला कोणी आजारी म्हटले नसते. घरी तर ‘बाळसेदार’ म्हणून त्याचे कौतुकच होते.

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकात माझा अधिकार नाही. तरी डॉक्टरांकडून समजून घेतले ते असे. अन्नातून आलेली साखर स्नायूंत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. पोटात व यकृतात चरबी साठली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून साखर ताब्यात ठेवते. हेच इन्सुलिन प्रतिरोध होय. या काळात यकृत जादा चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते आणि एचडीएल घटते. म्हणून केवळ साखर तपासून निर्धास्त होणे योग्य नाही. वयात येताना हा प्रतिरोध निसर्गतःच थोडा वाढतो. त्यात वजनाची भर पडली की स्वादुपिंडावर दुहेरी भार येतो.

इतिहासाचा संबंध येतो तो यापुढे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिन प्रतिरोध आणि कोलेस्टेरॉल सर्वाधिक आढळले ते जन्मतः कमी वजनाच्या, पण पुढे अंगावर चरबी चढलेल्या मुलांत. याच चमूने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अन्न अपुरे पडले, त्याची नोंद शरीराने अशी ठेवली.

वऱ्हाडातील आपल्या वस्त्यांना हे निराळे सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयाबायांच्या पोटी जन्मलेली पिढी आज या मुलांची आईबाप आहे. भुकेची आठवण असलेल्या घरात गुबगुबीत मूल हा सुबत्तेचा पुरावा वाटतो, आणि त्यात त्या आईबापांचा दोष मानण्यास मी तयार नाही. रविवारी भेटीला येताना पिशवीत फरसाण, कचोरी, बिस्किटे आणि थंड पेयाची मोठी बाटली असते, तीही मायेपोटीच.

तरीही माप हवे. कोसलाचा राजा प्रसेनजित अति भोजनाने जड झाला, तेव्हा तथागतांनी त्याला उपवास नव्हे, मात्रा सांगितली, अशी कथा संयुत्तनिकायात आहे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, अंडे हे आपलेच अन्न पुरेसे आहे. फक्त भाकरीबरोबर वरण आणि भाजी वाढली पाहिजे, नुसता भात नव्हे. गोड पेय आधी बंद करावे. दररोज तासभर दम लागेल असा खेळ हवा, कारण राबणारा स्नायू साखर सहज ओढून घेतो आणि त्याचा गुण वजन उतरण्यापूर्वीच दिसू लागतो. दहावीच्या नावाखाली मैदान बंद करणाऱ्या पालकांशी माझे नेहमीच भांडण होते, ते पुढेही होईल!

कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, मानेवर किंवा काखेत काळी घडी दिसत असेल, अथवा घरात मधुमेह असेल, तर मुलाची उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी दोन्ही तपासून घ्यावी. दहा ते एकोणीस वयात ट्रायग्लिसराइड १३० किंवा त्याहून अधिक, अथवा एचडीएल ४० हून कमी असल्यास डॉक्टरांना दाखवावे. आणि मुलाला ‘जाड्या’ म्हणू नये. वर्गात हे नाव पडले की ते मूल सर्वांत आधी मैदान सोडते.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे आणि सायंकाळी कबड्डी खेळतो. मानेवरचा पट्टा अजून आहे, थोडा फिका झाला आहे. आई रविवारी फुटाणे आणि पेरू घेऊन येते.