आटलेला ओहोळ, पाझरती विहीर
विश्वासाच्या वाटेवर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण एलीयाला करीथ ओहोळापाशी सोडले होते. सकाळ-संध्याकाळ कावळे भाकर आणि मांस आणत होते, पाणी ओहोळाचे. रविवारच्या शाळेत गोष्ट बहुतेकदा इथेच थांबते. मुलांना कावळ्यांचे चित्र काढायला आवडते. पण १ राजे, अध्याय १७ तिथे थांबत नाही. पाऊस नव्हता, त्यामुळे थोड्याच दिवसांत ओहोळही आटला. जो दुष्काळ एलीयाने देवाच्या नावाने जाहीर केला होता, त्याची झळ त्यालाही लागली. देवाच्या माणसापुरता वेगळा पाऊस काही पडला नाही.

पुढचा आसरा तर आणखी अवघड ठिकाणी. सारफथ हे सीदोनकडचे गाव, म्हणजे ईजबेल राणीच्या माहेरचा मुलूख, बआलाची भूमी. तिथे वेशीपाशी एक विधवा काटक्या वेचत होती. घरी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. त्याची भाकर करायची, मुलासोबत खायची आणि मरणाची वाट पाहायची, एवढाच तिचा बेत होता. तिला संदेष्टा म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर कर. या मागणीचा मला पूर्वी फार राग येई, अजूनही थोडा येतो. उपाशी बाईच्या ताटातला घास मागणारे उपदेशक आजही आहेत, आणि त्या घासाचा हिशेब ते कुणाला देत नाहीत. एलीयाचे वेगळेपण एवढेच, की तोही तिच्याइतकाच निराधार होता आणि पुढे तिच्याच घरी, त्याच पिठावर राहिला.

त्या मडक्याकडे मात्र नीट पाहा. ते भरले असे कुठेच लिहिलेले नाही. संपले नाही, एवढेच लिहिले आहे. रोज हात घातला की आजच्यापुरते मिळायचे, उद्याचे दिसायचे नाही. दारात पोती येऊन पडली असती, तर देवावर भरवसा ठेवायचे काम पहिल्याच दिवशी संपले असते.

मराठी मंडळीला हे समजून घ्यायला सीदोनपर्यंत जावे लागत नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरचे पंडिता रमाबाईंचे केडगाव पुरेसे आहे.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकातून ओळखलेला नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. पण पुराण सांगण्यापलीकडे पोटाला काही मिळवून देईल असे त्या घरात कुणालाच येत नव्हते, आणि अंगमेहनत करायला मान आड येत होती. होते नव्हते ते विकले गेले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले तेव्हा त्यांना घरी बसवले नाही. तिकडून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. हातात पैसा बेताचा. शारदा सदन या त्यांच्या आधीच्या संस्थेला अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती संपल्यावर काय, म्हणून केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. ठरावीक मिळकत नाही, पगार देणारे मिशन पाठीशी नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अनाथालये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर चालवली, हे त्यांनी वाचले होते. आपल्या देशात हे जमेल का, असा प्रश्नही त्यांना पडला होता.

मग १९०० चे साल आले. गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुलीही आल्या होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी इतक्या खंगलेल्या होत्या, की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. ही गोष्ट साक्ष सांगताना गाळू नये. आता मुक्तीत १,९०० हून अधिक माणसे आणि शंभरावर गुरे. परिसरातल्या विहिरी कोरड्या पडत चाललेल्या. मुक्तीच्या विहिरी संध्याकाळपर्यंत तळाला जायच्या आणि सकाळी त्यांत पुन्हा पाणी आलेले असायचे, त्या दिवसाला पुरेल एवढे.

विहिरीला रात्रीतून पाझर फुटतो, हे दौंडकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्यात सृष्टिनियम मोडल्याचा दावा करायची मला गरज वाटत नाही. पण शेजारच्या विहिरी आटताना दोन हजारांच्या घराची तहान ज्या बाईच्या माथ्यावर होती, ती रोज रात्री काय मनात धरून झोपत असेल, हे पाझराच्या शास्त्रात सापडायचे नाही. आणि या विहिरी आधी खणाव्या लागल्या होत्या. मुक्तीत मुली शेती करीत, कापड विणीत, तेलाचा घाणा चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. वडिलांच्या घरी जे नव्हते, ते रमाबाईंनी या मुलींच्या हाती दिले. प्रार्थनेच्या घरात हिशेबाची वही आणि कुदळ शोभत नाही, असे त्यांना कधी वाटले नाही.

आपल्याकडे साक्ष दिली जाते ती नोकरी लागल्यावर, ऑपरेशन नीट झाल्यावर, कर्ज फिटल्यावर. ज्याचे कर्ज अजून फिटायचे आहे तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो. त्याला कुणी पुढे बोलावत नाही. सारफथची बाई त्याच बाकावरची आहे.

तिची गोष्ट पिठापाशी संपतही नाही. मडके चालू असतानाच तिचा मुलगा आजारी पडला आणि गेला. ती एलीयाला बोल लावते. तो तिला विश्वासाचा उपदेश करत नाही, गप्पही करत नाही. मूल उचलून माडीवर आपल्या बिछान्यावर नेतो आणि जाब विचारतो तो देवालाच: जिच्या घरी मी राहतो, तिच्यावरही हे संकट का? सारफथला मूल परत मिळाले. पुढच्या आठवड्यात हबक्कूक. त्याच्या तिसऱ्या अध्यायात अंजीर फुलत नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि त्यातले काहीही परत येत नाही. तरी तो गातो. ते गाणे त्याला कसे सुचले असेल, ते पाहू.