भारतीय रेल्वे आणि पर्यावरण : उद्दिष्टापासून दैनंदिन कारभारापर्यंत

भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट गाठण्याचा संकल्प जुलै २०२० मध्ये जाहीर केला. आपल्या कामकाजातून जेवढा कार्बन वातावरणात जाईल, तेवढ्याची भरपाई अन्य मार्गांनी करून एकूण हिशेब शून्यावर आणणे, असा याचा सर्वसाधारण अर्थ आहे. सुमारे १२ लाख कर्मचारी असलेल्या आणि दररोज दोन कोटींहून अधिक प्रवाशांची ने-आण करणाऱ्या या सरकारी यंत्रणेने असे उद्दिष्ट स्वीकारणे ही महत्त्वाची घटना होय. मात्र, दिल्लीतील रेल्वे मंडळाने घेतलेला निर्णय दुरुस्ती डेपो, भांडार विभाग आणि फलाटांपर्यंत कसा पोहोचतो, यावरच अशा संकल्पाचे यश अवलंबून असते. गेल्या काही वर्षांतील रेल्वेचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

विभागलेली जबाबदारी

पर्यावरणाशी संबंधित कामे रेल्वेत पूर्वीपासून होत होती. परंतु ती निरनिराळ्या विभागांत विखुरलेली होती. डब्यांची देखभाल यांत्रिकी विभागाकडे, लोहमार्ग स्थापत्य विभागाकडे, तर वीजपुरवठा विद्युत विभागाकडे अशी ही पारंपरिक विभागणी. या कामांचा समन्वय साधण्यासाठी रेल्वे मंडळात जानेवारी २०१५ मध्ये स्वतंत्र पर्यावरण संचालनालय स्थापन करण्यात आले.

विखुरलेल्या जबाबदारीचे परिणाम काय होतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे डब्यांतील शौचालये. जुन्या पद्धतीच्या शौचालयांतून मैला थेट रुळांवर पडत असे. शौचालये एका विभागाची, त्यामुळे खराब होणारे रूळ दुसऱ्या विभागाचे, अशी परिस्थिती होती. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने २०१२ मध्ये अहवाल सादर केला. शौचालयांतील मैल्यामुळे रूळ आणि त्यांचे जोडसाहित्य गंजते, याकडे समितीने लक्ष वेधले. आरोग्य आणि स्वच्छतेचा मानला जाणारा हा प्रश्न त्यामुळे गाड्यांच्या सुरक्षिततेशीही जोडला गेला.

त्याला मानवी प्रतिष्ठेची बाजूही होती. स्थानकांतील रुळांवरचा मैला सफाई कामगारांना साफ करावा लागे आणि मार्गाची देखभाल करणारे कर्मचारी त्याच घाणीत काम करीत. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिलेल्या निकालात, रुळांवरील ही प्रथा संपवण्यासाठी रेल्वेने कालबद्ध उपाय योजावेत, असे निर्देश दिले.

जैव शौचालयांचा धडा

संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या साहाय्याने विकसित करण्यात आलेले जैव शौचालय हे या प्रश्नाचे उत्तर ठरले. डब्याखाली बसवलेल्या टाकीतील जिवाणू प्राणवायूविना मैल्याचे विघटन करतात. त्यातून वायू आणि पाणी तयार होते. हे पाणी निर्जंतुक करून बाहेर सोडले जाते. जुलै २०१६ मध्ये तामिळनाडूतील रामेश्वरम ते मानामदुरै हा ११४ किलोमीटरचा मार्ग देशातील पहिला हरित मार्ग म्हणून जाहीर झाला. पुढील काही वर्षांत प्रवासी डब्यांमध्ये अडीच लाखांहून अधिक जैव शौचालये बसवण्यात आली.

मात्र, उपकरण बसवले म्हणजे व्यवस्था बदलली, असे होत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी डिसेंबर २०१७ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात निवडक डेपोंतील २५,०८० जैव शौचालयांची स्थिती मांडली. २०१६-१७ या एका वर्षात त्यांत १,९९,६८९ दोष आढळले होते. म्हणजे एका शौचालयामागे वर्षाला सरासरी आठ. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकार शौचालय तुंबण्याचे होते.

तुंबण्याची कारणे साधी होती. प्लॅस्टिकच्या बाटल्या, कापड, गुटख्याच्या पुड्या अशा वस्तू प्रवासी शौचालयात टाकत. जिवाणू मैल्याचे विघटन करू शकतात, प्लॅस्टिकचे नाही. जुन्या शौचालयातून अशी वस्तू रुळावर पडून दृष्टीआड होत असे. नव्या शौचालयात तीच वस्तू संपूर्ण यंत्रणा बंद पाडू लागली. शौचालयात कचरापेटी ठेवणे, डेपोत टाक्या वेळच्या वेळी तपासणे, देखभालीच्या कंत्राटात नेमकी जबाबदारी लिहिणे आणि प्रवाशांना समजेल अशा भाषेत सूचना लावणे ही कामे तंत्रज्ञानाइतकीच महत्त्वाची ठरली. शौचालय तुंबले की ते अखेर कोणा कामगारालाच मोकळे करावे लागते. ज्याच्या प्रतिष्ठेसाठी हा बदल झाला, त्याच्याच वाट्याला देखभालीतील हयगय पुन्हा येते, हे येथे विसरता येत नाही.

विद्युतीकरणाचा लाभ आणि मर्यादा

दुसरा मोठा बदल विद्युतीकरणाचा आहे. देशातील पहिली विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. त्यानंतरच्या वाटचालीत २०१४ पर्यंत सुमारे २१,८०० मार्ग-किलोमीटरचे विद्युतीकरण झाले होते. पुढे या कामाला मोठी गती मिळाली आणि २०२५ पर्यंत ब्रॉडगेज जाळ्याचे ९८ टक्क्यांहून अधिक विद्युतीकरण पूर्ण झाले. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्राला समर्पित करण्यात आले. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी डिझेलच्या धुरापासून मिळालेला दिलासा हा त्याचा प्रत्यक्ष लाभ होय.

विजेच्या इंजिनांमुळे आणखी दोन सुधारणा शक्य झाल्या. पहिली सुधारणा ब्रेकशी संबंधित आहे. ब्रेक लावताना इंजिनाच्या मोटारी जनित्राप्रमाणे काम करतात आणि निर्माण झालेली वीज तारेत परत पाठवतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून दाखल झालेल्या नव्या गाड्यांत ही सोय आहे. दुसरी सुधारणा डब्यांतील दिवे, पंखे आणि वातानुकूलनासाठी लागणाऱ्या विजेची. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना पूर्वी त्यासाठी डिझेल जनित्रांचे डबे जोडावे लागत. आता इंजिनामार्फत वरच्या तारेतूनच ही वीज घेता येते. त्यामुळे डिझेल वाचते आणि फलाटावरील धूर व गोंगाटही कमी होतो.

तथापि, गाडी विजेवर चालली म्हणून प्रदूषण नाहीसे होत नाही. भारतातील विजेचा मोठा हिस्सा अजूनही कोळशापासून तयार होतो. इंजिनातून निघणारा धूर थांबतो, परंतु औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून तो निघतच राहतो. म्हणूनच निव्वळ शून्याच्या हिशेबात रेल्वेचे स्वतःचे थेट उत्सर्जन किती आणि तिने वापरलेल्या विजेमागचे उत्सर्जन किती, हा फरक महत्त्वाचा ठरतो. सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढल्याशिवाय विद्युतीकरणाचा पर्यावरणीय लाभ पूर्णत्वास जात नाही. त्या दिशेने मध्य प्रदेशातील बिना येथे १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यात आला असून, त्याची वीज थेट गाड्यांच्या तारांना देण्याची योजना २०२० मध्ये हाती घेण्यात आली. आपल्या मोकळ्या जमिनीवर २० गिगावॉट सौर ऊर्जेची क्षमता असल्याचा अंदाज रेल्वेने त्याच वर्षी मांडला होता.

कोळशाचा पेच

रेल्वेपुढील सर्वांत अवघड प्रश्न तिच्या मालगाड्यांत दडलेला आहे. रेल्वेने वाहिलेल्या एकूण मालापैकी वजनाने निम्म्याच्या आसपास माल कोळसा असतो. मालवाहतुकीच्या उत्पन्नातून प्रवासी वाहतुकीतील तोटा भरून काढला जातो. देशाचा कोळशावरील भर जसजसा कमी होईल, तसतसा रेल्वेच्या उत्पन्नाचा हा आधारही क्षीण होईल आणि त्याचा भार सामान्य प्रवाशाच्या तिकिटावर येऊ शकेल.

यावरचा मार्ग म्हणजे सध्या रस्त्याने जाणारा अन्य माल रेल्वेकडे वळवणे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी रेल्वेला ट्रकपेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते. राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. समर्पित मालवाहतूक मार्ग त्यासाठीच उभारण्यात येत आहेत. भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये सुरू केली होती, हे येथे उल्लेखनीय आहे. सौर पटले किंवा कमी वीज वापरणारे दिवे यांची चर्चा अधिक होते. परंतु माल रस्त्यावरून रुळावर आणण्याचा परिणाम त्यांच्याहून कितीतरी मोठा असू शकतो. त्यासाठी व्यापाऱ्याला वेळेची खात्री आणि परवडणारा दर द्यावा लागतो. म्हणजेच, पर्यावरणाचा प्रश्न येथे वेळापत्रक आणि दरपत्रकाचाही प्रश्न होतो.

मोजमापाचे महत्त्व

मोठ्या सरकारी यंत्रणेत पर्यावरणाचा विचार रुजवायचा, तर तो स्वतंत्र कार्यालयापुरता मर्यादित राहून चालत नाही, हेच या अनुभवातून दिसते. निविदेत केवळ खरेदीची किंमत न पाहता उपकरणाच्या संपूर्ण आयुष्यातील खर्च पाहणे, किती शौचालये बसवली याऐवजी किती सुस्थितीत चालू आहेत हे मोजणे, आणि किती मार्ग विजेवर आला याबरोबरच ती वीज कशापासून बनली याचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते. निव्वळ शून्याच्या उद्दिष्टाची परीक्षा २०३० मध्ये होईल. ते साध्य झाले की नाही, हे आकडेवारीवरून ठरेल. मात्र, त्यामागची व्यवस्था खरोखर बदलली की नाही, याची साक्ष रुळांवर आणि डेपोंत काम करणारे कामगारच देऊ शकतील.