पोट उडतं तेव्हा छातीकडे बघा

पोलीस भरती निघाली की अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटेपासून पोरं धावताना दिसतात. धावण्याच्या वेळेइतकेच आणखी दोन आकडे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असतात, ७९ आणि ५. शिपाईपदाच्या पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि पूर्ण श्वास भरल्यावर ती किमान ५ सेंटिमीटरनं वाढावी लागते. या पाच सेंटिमीटरसाठी पोरं महिनोन् महिने जोर-बैठका काढतात.

हे पाच सेंटिमीटर येतात कुठून? फुप्फुसांतून नाही. फुप्फुसांकडे स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही. आधी छातीची भिंत पसरते, तिच्यामागे फुप्फुसं ओढली जातात आणि मग हवा आत शिरते. म्हणजे श्वास घेण्याचं काम मुळात बरगड्यांचं, त्यांच्यामधल्या स्नायूंचं आणि छाती-पोटाच्या मध्ये ताणलेल्या श्वासपटलाचं आहे. हे नीट उमगलं, तर मेळघाटातल्या एखाद्या झोपडीत धाप लागलेल्या तान्ह्या लेकराला नेमकं काय होतंय तेही उमगतं. हा लेख त्या लेकरासाठी लिहितो आहे.

बरगड्यांच्या जोड्या बारा. मागे त्या पाठीच्या बारा मणक्यांशी जोडलेल्या असतात. वरच्या सात जोड्या पुढे आपापल्या कूर्चेनं थेट छातीच्या मधल्या हाडाला, उरोस्थीला मिळतात. आठवी, नववी आणि दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात. अकरावी आणि बारावी पुढे कुठेच पोचत नाहीत, त्यांची टोकं स्नायूंत मोकळी राहतात. गळ्याच्या खळगीतून बोट सरळ खाली न्या. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. दुसरी बरगडी तिथे येऊन मिळते. डॉक्टर बरगड्या मोजतात त्या तिथूनच, कारण पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते आणि हाताला नीट लागत नाही. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याचं शासकीय महाविद्यालय आणि २०२४ साली अमरावतीत सुरू झालेलं नवं शासकीय महाविद्यालय, या तिन्ही ठिकाणी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दानात मिळालेल्या देहावर हीच मोजणी शिकतो.

खरी गंमत बरगडीच्या उतारात आहे. मोठ्या माणसाची बरगडी पाठीकडून पुढे येताना खाली उतरत येते आणि कुशीपाशी आणखी खाली झुकते. बादलीच्या कडेला टेकून पडलेली कडी उचलली की ती जशी वर येता येता बाहेरही सरकते, तशी श्वास घेताना खालची बरगडी कुशीतून वर आणि बाहेर जाते. वरच्या बरगड्या त्याच वेळी उरोस्थीला पुढे ढकलतात. छाती रुंदही होते आणि खोलही होते. भरतीच्या टेपवर दिसणारे पाच सेंटिमीटर ते हे. बरगडी आधी खाली झुकलेली असते म्हणून तिला वर उचलायला जागा असते. सारी करामत त्या झुकण्याची आहे.

व्यायामानं बरगड्यांची हाडं काही बदलत नाहीत, पण त्यांना उचलणारे स्नायू तयार होतात. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबावर चढलेल्या पोराकडे एकदा लक्ष देऊन पाहावं. उलटं लटकून अंग आवळलेलं असतानाही त्याच्या कुशीतल्या बरगड्या संथपणे वर-खाली होत असतात. शांत बसलेला धडधाकट माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि त्यातलं बरंचसं काम एकटं श्वासपटल करतं. बरगड्यांची ताकद बहुतांश राखीव असते. पळताना, ओझं उचलताना किंवा आजारपणात ती उपयोगी पडते.

तान्ह्या बाळाकडे ही राखीव ताकद जवळजवळ नसते. त्याच्या बरगड्या उतरत्या नसून आडव्या असतात, म्हणजे उचललेली कडी आणखी उचलायची म्हटलं तरी उचलणार कुठे? शिवाय त्यांचा पुढचा मोठा भाग मऊ कूर्चेचा असतो. ही मऊ छाती बाळाला जन्माच्या वाटेतून बाहेर पडताना कामी येते, श्वास घेताना मात्र तिचा टेकू मिळत नाही. त्यामुळे बाळाचा सगळा श्वास श्वासपटलावर चालतो. ते खाली सरकलं की पोट पुढे येतं, वर गेलं की पोट बसतं. निवांत झोपलेल्या बाळाचं पोट श्वासाबरोबर हलतं ते यामुळेच, आणि त्यात काळजीचं काही नाही. मूल बसायला, उभं राहायला, चालायला लागलं की बरगड्या हळूहळू खाली झुकू लागतात. छातीला मोठ्या माणसाचा आकार यायला मात्र पुढची काही वर्षं जावी लागतात.

आता याच बाळाला न्यूमोनिया झाला असं समजा. फुप्फुसं सुजून कडक झाली. त्यांत हवा ओढायला श्वासपटल जिवाच्या आकांतानं खाली ताणलं जातं. त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना चिकटलेल्या असतात आणि त्या बरगड्या तर मऊ. परिणाम उलटा होतो. श्वास आत घेताना छाती फुगायच्या ऐवजी तिचा खालचा भाग आत खेचला जातो आणि पोट मात्र जोरात बाहेर येतं. धापेबरोबर बाळ हवाही गिळतं, त्यानं पोट तट्ट होतं आणि ते तट्ट पोट श्वासपटलाला खालून अडवतं. आईला काय दिसतं? पोट. "ताई, पोऱ्याचं पोट लय उडून राह्यलं," असं ती आशाताईला सांगते. तिची नजर चुकलेली नसते, तिनं पाहिलं ते खरंच असतं. दुखणं फक्त चार बोटं वर असतं.

या चार बोटांच्या अंतरात मेळघाटात फार वाईट घडत आलं आहे. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पोट फुगलेल्या, पोट उडणाऱ्या लेकराला 'डंबा' देण्याची रीत आहे. विळा किंवा सळई तापवून पोटावर चटके द्यायचे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, अशा प्रकारांत गुन्हेही नोंदवले गेले, तरी अंगभर चटक्यांचे वण घेऊन आलेल्या बाळांच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत. पोट फुगण्याची कारणं अनेक असतात हे खरं. पण ज्या बाळाला धाप आहे, त्याला चटके दिले की वेदनेनं ते जोरात रडतं, श्वास आणखी तुटतो, भाजल्याच्या जखमा होतात आणि दवाखान्यात जायचा वेळ हातचा जातो. हे सांगताना इथल्या कोरकू आदिवासी माणसाकडे बोट दाखवून मोकळं होणं मला पटत नाही. बिब्ब्याचे चटके आणि डागण्या आपल्या मराठी घरांतही होत्या. आजार पोटात दिसला म्हणून उपाय पोटावर झाला, एवढाच त्यामागचा विचार. तो बदलायचा तर छाती कशी चालते हेच सांगावं लागेल, आणि ते भूमकालाही, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूलाही, सांगावं लागेल, कारण पहिली हाक त्याला जाते.

छातीला नळी न लावता, नुसत्या डोळ्यांनी न्यूमोनिया ओळखता येतो, हे जगाला पटायलाही वेळ लागला. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका इथं, फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९८४ साली मांडलं की श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणं या दोन खुणांवरून कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला दवाखान्यात ठेवायचं हे ठरवता येतं. त्यानंतर काही वर्षांतच आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं आरोग्यसेवक आणि दायांना हेच शिकवलं. दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तिथे साठपर्यंत मोजणार कोण? म्हणून एक साधन तयार झालं, मिनिटाची वाळूघडी आणि तिच्यासोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया, औषध सुरू. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. मला ही आपल्या भागातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही.

ही मोजणी कुणालाही जमते. बाळ रडत नसावं, दूध ओढत नसावं. आईच्या मांडीवर शांत असताना झबलं गळ्यापर्यंत वर करायचं आणि छाती-पोटाच्या सीमेवर, म्हणजे बरगड्यांच्या खालच्या काठावर नजर ठेवायची. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका चालीचा नसतो, मध्येच थांबतो आणि मग भरभर येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो वेग धोक्याचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजावा. मग पाहायचं की श्वास आत जाताना बरगड्यांचा खालचा काठ आत जातो का. एखाद्या श्वासाला नाही, प्रत्येक श्वासाला जातो का.

मात्र मेळघाटात ही खूणही कधी दगा देते. १९९३ पासून तिथल्या बालमृत्यूंची चर्चा दर पावसाळ्यात उठते आणि ती बहुतेक वजनाच्या आकड्यांभोवती फिरते. वजन घटतं तेव्हा श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही झिजतात, हे त्या चर्चेत येत नाही. अशा मुलाच्या अंगात छाती आत ओढण्याइतकाही जोर उरत नाही. त्याला न्यूमोनिया असतो, पण ताप नसतो, धाप मोठी दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, शांत आहे. मुडदुसात बरगड्या आणखी मऊ पडतात आणि श्वासपटल जिथे चिकटतं तिथे छातीवर कायमची आडवी खाच पडते. म्हणून ज्या लेकराच्या बरगड्या लांबूनच मोजता येतात, त्याच्या बाबतीत श्वासाचा आकडा कमी भरला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. दूध सोडलं, मलूल पडलं, अंग थंड लागलं, एवढंही त्याला दवाखान्यात हलवायला पुरेसं आहे.

आणि हलवायचं म्हणजे लगेच. न्यूमोनिया अंगावर काढला की कधी फुप्फुसाभोवती पू साचतो आणि तो काढायला दोन बरगड्यांमधून नळी घालावी लागते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला लागून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू धावतात, म्हणून डॉक्टर ती नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून आत नेतात. हे काम मोठ्या रुग्णालयाचं. धारणीकडच्या गावातून अमरावती गाठायची तर घाटाचा रस्ता उतरण्यात काही तास जातात. तेव्हा छाती आत जाताना दिसली की घरात दिवा-नवस, चटका, उद्या बघू, यातलं काही न करता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरायची आणि १०८ला फोन लावायचा. बाळ आईच्या अंगाशी उबदार राहील असं धरायचं, पोटावर घट्ट फडकं बांधायचं नाही. श्वासपटलाला खाली सरकायला तेवढी एकच जागा असते.