जवळची प्रत ताजी कशी राहते?

एकाच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या सर्व्हरकडून उत्तर यायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. तीच नोंद आपल्याच मेमरीत असेल, तर ती सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येते. फरक जवळपास ५,००० पटींचा! म्हणूनच हेझलकास्ट, ओरॅकल कोहिअरन्स यांसारख्या प्रणाली वारंवार लागणाऱ्या नोंदींची प्रत क्लायंटजवळच ठेवू देतात. हीच ‘निअर कॅश’.

खरी कसोटी मूळ नोंद बदलल्यावर लागते. रेडिस या डेटा साठवणाऱ्या प्रणालीच्या २०२० मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत यावर नेटकी सोय आहे. कोणत्या क्लायंटने कोणती नोंद वाचली, हे सर्व्हर लक्षात ठेवतो आणि ती बदलली की त्या क्लायंटला प्रत रद्द झाल्याचा निरोप धाडतो. कल्पना मात्र जुनी. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँड्र्यू फाइल सिस्टिमने १९८०च्या दशकातच ती फाइलींसाठी वापरली होती.

जोडणी तुटली तर हा निरोप पोहोचतच नाही. अशा वेळी क्लायंटने स्थानिक कॅश सरसकट रिकामी करावी. प्रत्येक नोंदीला मुदतही हवीच. दुकानातल्या वस्तूचे वर्णन काही सेकंद शिळे असले तरी चालते. खात्यातली शिल्लक मात्र थेट मूळ सर्व्हरवरूनच वाचावी.